करवत जागेवर, लाकूड वळणावर : स्क्रोल सॉ शिकताना

शिवणयंत्रावर काम करणारी व्यक्ती नीट पाहिलीत, तर एक गोष्ट लक्षात येते. सुई एकाच जागी वर-खाली होत असते, वळणं घेतं ते कापड. गळ्याचा गोल असो की बाहीचा बाक, शिवणारा हात कापडाला हलकेच दिशा देतो. कापड ओढलं की सुई वाकते, नाहीतर तुटते. स्क्रोल सॉ हे लाकूड कापायचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. सुईच्या जागी बारीक दातांचं पातं आणि कापडाच्या जागी लाकूड. ज्याला मशीनवर सरळ टीप मारता येते, त्याला हे यंत्र अर्धं आधीच येत असतं.

दारावर लावायची घराच्या नावाची पाटी, देवघराची महिरप, गणपतीच्या मखराची जाळी, मुलांसाठी जुळवायचं कोडं, अशा कितीतरी वस्तू या एका यंत्रावर घरच्या घरी करता येतात. त्यासाठी कारखाना लागत नाही. गॅलरीतला एक कोपरा, मजबूत टेबल, चांगला उजेड आणि जवळ विजेचा पॉइंट एवढं पुरतं. मात्र सुरुवातीचे काही दिवस योग्य सवयी लागल्या नाहीत, तर पाती तुटत राहतात, कडा जळतात आणि यंत्र कपाटावर जाऊन बसतं. तसं होऊ नये म्हणून हा लेख. त्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पात्याला त्याच्या गतीनं कापू द्या, आपण फक्त लाकूड वळवायचं.

यंत्राची ओळख

स्क्रोल सॉ आणि जिगसॉ यांची गल्लत फार होते. सुतार हातात धरून फळीवरून फिरवतात ती जिगसॉ. तिथे लाकूड स्थिर असतं आणि यंत्र फिरतं. स्क्रोल सॉ टेबलावर पक्की बसवलेली असते. तिच्या दोन लांब भुजांमध्ये, वर आणि खाली, पातं ताणून बसवतात. ते यंत्राच्या छोट्या पाटाच्या मधोमध असलेल्या छिद्रातून आरपार जातं. मोटर सुरू झाली की भुजा हलतात आणि पातं मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा वर-खाली होतं.

हे यंत्र विजेच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शिलाई मशीनसारखी पायानं चालवायची स्क्रोल सॉ घरोघरी पोचली होती. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड इथली डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनी अशी यंत्रं बनवत असे. आपल्याकडे जुन्या घरांच्या पडवीला आणि ओसरीला छपराच्या कडेनं लावलेल्या कातीव लाकडी झालरी दिसतात, त्या याच जातीच्या कामाचा नमुना. कोकणात किंवा जुन्या पेठांमध्ये फिरताना अशी झालर दिसली, तर थांबून पाहा. तीच एक नक्षी पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वळण किती सफाईनं घेतलं आहे ते कळतं.

यंत्र घेताना पाच गोष्टी पाहा.

पहिली, घशाची खोली. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर म्हणजे घसा. १६ इंची म्हणजे सुमारे ४०० मिलिमीटर घसा असलेलं यंत्र घरकामाला भरपूर झालं.

दुसरी, पात्याची पकड. काही पात्यांच्या दोन्ही टोकांना आडवी खीळ असते, काहींची टोकं सपाट असतात. खिळेचं पातं बसवायला सोपं, पण नक्षीच्या आतल्या भोकातून ओवायचं तर ती खीळ जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं. बारीक जाळीत ते शक्यच नसतं. म्हणून सपाट टोकाची पाती पकडणारं यंत्रच घ्या. दोन्ही प्रकार चालत असतील तर उत्तम.

तिसरी, वेग कमी-जास्त करायची सोय. शिकणाऱ्याला तिची गरज सगळ्यात जास्त असते.

चौथी, भुसा उडवणारी फुंकणी. रेषा दिसली नाही तर कापणार कशी?

पाचवी, कंपन. दुकानात यंत्र चालू करून त्याच्या पाटावर नाणं उभं करून पाहा. ते उभं राहिलं तर उत्तमच. लगेच पडलं तरी निराश होऊ नका. घरी यंत्र जड टेबलावर नट-बोल्टनं आवळून खाली रबराची जाड पट्टी घातली, की बराच फरक पडतो.

लाकूड कोणतं घ्यावं?

बहुतेकांना वाटतं, सुरुवात पातळ लाकडापासून करावी. अनुभव उलट आहे. ३ मिलिमीटरचं प्लाय पात्याला काहीच विरोध करत नाही. जरासा हात हलला की पातं रेषेबाहेर गेलेलं असतं. १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या मऊ लाकडात पातं सावकाश पुढे सरकतं आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. सरावासाठी पाइनची फळी किंवा शिवणीचं लाकूड चांगलं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूडही चालतं, फक्त त्यातला एकूण एक खिळा आधी काढा. लाकडाच्या वखारीत किंवा फर्निचरवाल्याकडे कापटुकडे स्वस्तात मिळतात. शिकताना नवी फळी विकत घ्यायची गरज नाही.

सागवान दिसायला देखणं आणि टिकाऊ, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच अंश. त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. शिसव आणि बाभूळ कठीण. ही लाकडं हात बसल्यावर घ्या.

प्लाय घेताना कड पाहा. थरांमध्ये पोकळ्या दिसत असतील तर ते प्लाय नक्षीसाठी घेऊ नका. नेमक्या नाजूक जागी पोकळी आली की तुकडा निखळतो. जास्त थरांचं, घट्ट, बर्चचं प्लाय यासाठी नावाजलेलं आहे. एमडीएफ स्वस्त आणि एकसारखं असतं, कापायलाही सोपं. पण त्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्य असतं. मास्क न लावता एमडीएफ कापू नका.

पातं : सगळं काम इथे ठरतं

स्क्रोल सॉची पाती साधारण ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर लांबीची असतात आणि बहुधा डझनानं मिळतात. त्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितकं पातं रुंद. ५ नंबरचं पातं जेमतेम १ मिलिमीटर रुंद असतं आणि शिकायला तेच सगळ्यात सोयीचं. ३ नंबर पातळ लाकडाला आणि बारीक वळणांना, ७ किंवा ९ नंबर जाड लाकडाला. शून्याच्या खालचे क्रमांक अतिशय नाजूक, त्यांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

दातांच्या रचनेचेही प्रकार आहेत. एकेक दात गाळून केलेल्या पात्यात भुसा बाहेर पडायला जागा मिळते, म्हणून ते कमी तापतं. उलट्या दातांच्या पात्यात खालचे काही दात वरच्या दिशेनं असतात. पातं वर जाताना ते लाकडाची खालची बाजू साफ करतात, त्यामुळे प्लायच्या खालच्या कडेला कुसळं उठत नाहीत. प्लायसाठी ५ नंबरची उलट्या दातांची पाती घेतलीत, तर पहिले काही महिने दुसरं काही लागणार नाही. पिळाच्या पात्याला सगळीकडून दात असतात आणि लाकूड न वळवता कोणत्याही दिशेला कापता येतं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण ते रेषेवर ठेवणं अवघड आणि कड खरबरीत येते.

पातं कायम टिकत नाही, हे मनाशी पक्कं करा. सलग अर्धा-पाऊण तास कापल्यावर ते बोथट व्हायला लागतं, कठीण लाकडात त्याआधीच. लाकूड पुढे सरकवायला जोर लागतोय, कड तपकिरी होतेय किंवा पातं रेषा सोडून भरकटतंय असं वाटलं, की पातं बदला. काटकसर म्हणून बोथट पातं वापरणाऱ्याचं लाकूडही जातं आणि वेळही.

यंत्र सुरू करण्याआधी तीन तपासण्या

दातांची दिशा: दात समोर, म्हणजे आपल्याकडे, आणि खाली वळलेले हवेत. दात इतके बारीक असतात की डोळ्यांना कळत नाही. बोटाचं टोक पात्याच्या दातांवरून अगदी हलक्या हातानं खालून वर न्या. बोट अडखळलं तर दात खाली वळलेले आहेत, पातं बरोबर बसलं आहे. बोट गुळगुळीत वर गेलं तर पातं उलटं आहे. उलटं पातं लाकडाला वर उचलून आपटायला लागतं. ही तपासणी यंत्राचा प्लग काढूनच करायची.

ताण: पातं सैल असेल तर ते वळणावर वाकतं आणि कड तिरकी येते. फार ताणलं तर तुटतं. नखानं पातं छेडा. तंबोऱ्याची तार सुरात लागल्यावर जशी स्वच्छ वाजते, तसा 'टिंग' असा आवाज यायला हवा. 'थप्' असा बद्द आवाज आला तर ताण वाढवा. बोटानं बाजूला दाबल्यावर पातं दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. दहा-पंधरा वेळा पाती बदललीत की कानच सांगायला लागतो.

काटकोन: पाट आणि पातं यांच्यात बरोबर ९० अंशांचा कोन हवा. छोट्या गुण्यानं तो पाहता येतो, पण त्याहून खात्रीची एक रीत आहे. २० मिलिमीटर जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्या. त्याच्या कडेला तीन-चार मिलिमीटर एवढाच काप घेऊन ठोकळा मागे ओढा आणि यंत्र बंद करा. आता ठोकळा पात्याच्या मागच्या बाजूला नेऊन असा फिरवा, की तोच काप पात्याच्या पाठीसमोर येईल. ठोकळा हळूच पुढे आणा. पातं कापात अलगद शिरलं तर पाट काटकोनात आहे. वर किंवा खाली अडलं तर पाट कलला आहे. ठोकळा अर्धा फिरवल्यामुळे कललेपणा दुप्पट होऊन दिसतो, म्हणून अगदी थोडी चूकही इथे लपत नाही. पाट कललेला असताना कापलेला तुकडा एका बाजूनं निघतो आणि दुसऱ्या बाजूनं अडकतो. माझं पहिलं कोडं याच कारणानं वाया गेलं. तेव्हापासून ही तपासणी मी कधी चुकवली नाही.

अंगाची आणि हाताची काळजी

लाकूड कापणाऱ्या यंत्रांमध्ये स्क्रोल सॉ बरीच सौम्य. ती लाकूड जोरानं मागे फेकत नाही. तरी पातं ते पातंच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवा. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासात जाणं फुफ्फुसांना घातक असतं. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, बांगड्या हे सगळं आधी आवरा. बोटं कधीही पात्याच्या समोरच्या रेषेत ठेवू नका. लाकूड अचानक फाटून पुढे गेलं, तर हात पात्यावर जाईल. पातं बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढा. तुकडा फार लहान असेल तर तो मोठ्या फळीवर दुतोंडी टेपनं चिकटवून कापा.

बसणं असं, की कोपर पाटाच्या पातळीला किंवा किंचित वर राहील. खांदे सैल. दोन्ही तळवे लाकडावर सपाट, बोटं पसरलेली. लाकूड दाबायचं ते खाली, पाटाकडे. पुढे सरकवायचं ते अगदी हलकं. अर्ध्या तासानं उठा, बोटं मोकळी करा. थकलेला हात नकळत ढकलायला लागतो.

सरावाची फळी

साधारण २० बाय १५ सेंटिमीटरची, १० ते १२ मिलिमीटर जाड फळी घ्या. तिच्यावर रुंद मास्किंग टेप लावा. त्यावर आकृत्या काढलेला कागद डिंकाच्या कांडीनं चिकटवा. काम झाल्यावर टेपसकट कागद सहज निघतो, लाकडावर डाग राहत नाही. कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावलीत, तर पातं कमी तापतं आणि कडा जळत नाहीत. यंत्राचा वेग मध्यमाच्या खाली ठेवा.

पहिली आकृती: पाच सरळ रेषा. सरळ रेषा सोपी वाटते, पण इथे एक गंमत कळते. लाकूड अगदी सरळ पुढे नेलंत तरी पातं रेषेच्या एका बाजूला सरकतं. बहुतेक पाती तयार होताना त्यांच्या एका कडेला सूक्ष्म धार उरते. ती बाजू जास्त कापते. म्हणून लाकूड काही अंश तिरपं धरून पुढे न्यावं लागतं. किती तिरपं, ते दोन-तीन रेषा कापल्या की हाताला समजतं. पट्टीचा आधार लावून सरळ कापायची रीत इथे उपयोगाची नाही, ती याच कारणानं.

दुसरी आकृती: लाटांसारखी नागमोडी रेषा. नजर पात्यावर न ठेवता पात्याच्या किंचित पुढे, येणाऱ्या वळणावर ठेवा. सायकल चालवताना आपण चाकाकडे बघत नाही, तसंच.

तिसरी: वाटीएवढं वर्तुळ. गोल कापताना मध्येच थांबू नका. थांबलेल्या जागी खाच पडते. लाकूड एका लयीत फिरत राहू द्या.

चौथी: चौकोन. खरी परीक्षा कोपऱ्यावर. कोपऱ्यापर्यंत पोचलात की पुढचा दाब सोडून द्या. पातं जागच्या जागी चालू द्या. लाकूड केसभर मागे घ्या, म्हणजे पात्याच्या दातांवरचा भार जातो आणि त्याची पाठ लाकडाला टेकते. आता पात्याभोवती लाकूड काटकोनात एका हालचालीत फिरवा आणि नव्या रेषेवर पुढे जा. यंत्र बंद करायचं नाही, घाबरून हळूही फिरवायचं नाही. सुरुवातीला कोपऱ्यात छोटं गोल भोक पडेल. दहाव्या-पंधराव्या चौकोनाला ते नाहीसं होतं. बाहेरचा कोपरा असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. रेषा ओलांडून टाकाऊ भागात जा, तिथे मोठा वळसा घ्या आणि दुसऱ्या रेषेवर परत या.

रोज अर्धा तास याप्रमाणे आठवडाभर एवढंच करा.

आतला भाग कापताना

नक्षीचा जीव तिच्या पोकळ्यांत असतो. फळीच्या मध्यातला तुकडा काढायचा तर आधी ड्रिलनं त्या भागात, रेषेपासून थोडं आत, भोक पाडा. ५ नंबरच्या पात्याला २ मिलिमीटरचं भोक पुरतं. खाली टाकाऊ लाकूड ठेवून भोक पाडलंत तर मागची बाजू फुटत नाही. मग पात्याचं वरचं टोक सोडवा, लाकूड पात्यावरून खाली ओवा, टोक पुन्हा पकडीत बसवा, ताण द्या, टिंग आवाज ऐका आणि कापायला लागा. प्रत्येक पोकळीसाठी हीच कृती करायची. जाळीकामात कापण्याइतकाच वेळ ओवण्यात जातो, त्यात चिडचिड करून उपयोग नाही.

क्रम कायम एकच: आधी आतल्या पोकळ्या, शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर धरायला लाकूडच उरत नाही. पोकळ्यांतही आधी मधल्या आणि मग कडेच्या. सगळ्यात नाजूक भाग शेवटपर्यंत भरीव लाकडाच्या आधारानं राहू द्या.

पहिली मोठी वस्तू : देवनागरीतली पाटी

घराच्या नावाची पाटी करायला आपली लिपी जणू या यंत्रासाठीच आहे. रोमन अक्षरं कापली की प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि मागे फळी लावून ओळीत चिकटवावं लागतं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, अख्खं नाव एकाच तुकड्यात निघतं. पण लिपीचे काही बारकावे कापण्याआधी कागदावरच सोडवावे लागतात.

'माधव' हे नाव घेऊ. अक्षरांची उंची ९ ते १० सेंटिमीटर, रेघेची जाडी किमान १ सेंटिमीटर आणि ९ मिलिमीटरचं प्लाय. 'म'कडे पाहा. वर शिरोरेषा, डावीकडे उभी रेघ, उजवीकडे दंड आणि मध्ये आडवी रेघ. म्हणजे वरचा चौकोन चारही बाजूंनी बंद. तिथे एक भोक. 'व'चं पोट बंद, तिथे दुसरं भोक. बाकी सगळ्या जागा खालून उघड्या आहेत, तिथे बाहेरूनच जाता येतं. 'म'चं खालचं बारीक गाठोडं भरीवच ठेवा.

आता 'ध'. या अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. 'भ'चंही तसंच. कागदावर ते शोभतं, पण लाकडात 'मा' आणि 'धव' असे दोन तुकडे हातात येतील. म्हणून रेखाटतानाच ती फट बुजवून शिरोरेषा सलग घ्या, किंवा सगळ्या अक्षरांच्या खाली एक तळपट्टी काढून दंड तिला जोडा. तळपट्टीनं पाटी भक्कमही होते. पण मग खालच्या उघड्या जागा बंद होतात आणि तिथेही भोकं पाडावी लागतात, हे ध्यानात असू द्या.

'आनंद', 'वसंत' अशा नावांत अनुस्वार हवेत तरंगतो. तो शिरोरेषेला टेकेपर्यंत खाली आणा, नाहीतर तीन-चार मिलिमीटरचा छोटा पूल ठेवा. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेला जिथे जोडल्या जातात ती जागा मुद्दाम जाड ठेवा, वस्तू हाताळताना पहिला तडा तिथेच जातो.

प्लायचा आग्रह कशासाठी? साध्या फळीत लाकडाच्या रेषा एकाच दिशेनं जातात. शिरोरेषा त्या दिशेनं ठेवली तर ती मजबूत होते, पण दंड रेषांना आडवे पडतात आणि बोटाच्या दाबानंही मोडतात. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो, म्हणून शिरोरेषा आणि दंड दोन्ही टिकतात. सागाचीच पाटी हवी असेल, तर अक्षरं सुटी न काढता फळीत कोरीव पोकळी करा किंवा मागून पातळ प्लाय चिकटवा.

कापताना पातं रेषेच्या टाकाऊ बाजूला, रेषेला चाटून न्या. रेषा अर्धी शिल्लक राहिली पाहिजे. उरलेली घासताना जाते.

घासणं आणि तेल-पाणी

मागच्या कडेची कुसळं आधी पॉलिश पेपरनं काढा: १८० नंबर, मग २२०. नक्षीच्या आत जायला पेपरची पट्टी आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा. पाती चांगली असतील तर आत फारसं घासावं लागतच नाही. भुसा ब्रशनं झाडून ओलसर फडक्यानं पुसा.

पाटी दाराबाहेर असेल तर पाणी आणि ऊन सोसणारं वॉर्निश लावा, विशेषतः प्लायच्या कडांना दोन हात जास्त, कारण पाणी शिरतं ते कडांमधून. घरातल्या वस्तूंना जवसाचं तेल छान दिसतं. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मगच टाका. लहान मुलांच्या वस्तूंना खेळण्यांसाठी सुरक्षित असल्याचं डब्यावर छापलेला रंगच वापरा.

काही बिघडलं तर

पाती वरचेवर तुटत असतील तर बहुधा आपण ढकलतोय किंवा ताण जास्त आहे. आधी हात सैल करा, मग ताण पाहा. पातं पकडीतून निसटत असेल तर त्याच्या टोकांवर कारखान्याचं तेल असतं. पॉलिश पेपरच्या तुकड्यानं टोकं पुसून घ्या.

कडा जळत असतील तर वेग कमी करा, वरून पॅकिंग टेप लावा, पातं बदला.

लाकूड उड्या मारत असेल तर ते पाटावर नीट दाबलेलं नाही किंवा पातं उलटं बसलंय. फळी वाकडी असेल तरी असं होतं. तिची फुगीर बाजू वर ठेवून कापू नका, वाकडी फळी बाजूलाच ठेवा.

पातळ प्लाय हाताला येत नसेल तर ३ मिलिमीटरचे दोन-तीन तुकडे एकावर एक ठेवून कडांना टेप लावा आणि एकत्र कापा. जाडी वाढल्यानं ताबा येतो आणि एकाच कापणीत दोन-तीन सारख्या वस्तू मिळतात. दिवाळीच्या भेटींसाठी ही युक्ती फार कामाची.

पुढचं पाऊल

पाटी जमली की एक कोडं करून पाहा. जुळवायच्या कोड्याचा जन्मच नकाशातून झाला. १७६०च्या दशकात लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकता यावा म्हणून. तुम्ही महाराष्ट्राचा नकाशा घ्या. सगळे ३६ जिल्हे एकदम नकोत. आधी कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर हे सहा विभाग. ६ मिलिमीटरच्या प्लायवर नकाशा चिकटवा. किनाऱ्याच्या एखाद्या खाडीपाशी बारीक भोक पाडा, तिथे ते दिसत नाही. इथे मात्र आधी राज्याची बाहेरची सीमा कापून नकाशा फळीतून मोकळा करा. उरलेली चौकट दुसऱ्या प्लायवर चिकटवली की तुकडे ठेवायचं तबक तयार. मग विभागांच्या सीमा कापा. पात्यानं खाल्लेली फट एवढीच असते, की तुकडे सहज बसतात आणि खुळखुळत नाहीत. पाट काटकोनात असेल तर प्रत्येक विभाग वरूनही निघेल आणि खालूनही. सहा जमले की ३६ करा.

आणि शेवटची एक विनंती. सरावाची ती पहिली फळी टाकून देऊ नका. तिच्या मागे तारीख लिहा आणि यंत्राजवळच ठेवा. दोन महिन्यांनी तेवढ्याच मापाच्या फळीवर त्याच चार आकृत्या पुन्हा कापा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्या फळीवरचं वर्तुळ जिथे जिथे बिघडलंय, तिथे तिथे तुम्ही लाकूड ढकललं होतं. दुसरीवर ते गोल आलंय, कारण मधल्या दिवसांत हात थांबायला शिकला.